‘कोन्चोग’ म्हणजे काय? तिबेटी भाषेतील रत्न आणि आपले त्रिरत्न



आपल्या विहारात रोज सकाळ-संध्याकाळ वंदना होते. लहान लेकरांपासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळे जण त्रिशरण म्हणतात. बुद्ध, धम्म आणि संघ या तिघांना आपण ‘त्रिरत्न’ म्हणतो. परित्राणपाठात भन्ते रतनसुत्त म्हणतात तेव्हा आपण हात जोडून बसतो. शब्द ओळखीचा, तोंडात बसलेला. पण बुद्धाला ‘रत्न’ का म्हटले असेल, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. रत्न म्हणजे तर खडा. सोनाराच्या दुकानात मिळतो, अंगठीत बसवतात, चोर नेतो, अडचणीच्या वेळी गहाण पडतो. मग जगाला दुःखमुक्तीचा मार्ग दाखवणाऱ्या शास्त्याला दगडाची उपमा का?

या प्रश्नावर बाराशे वर्षांपूर्वी हिमालयापलीकडच्या एका देशातील विद्वानांनी फार खोल विचार केला होता. तो देश म्हणजे तिबेट. संस्कृत ग्रंथ आपल्या भाषेत नेताना ‘रत्न’ या एका शब्दासाठी तिबेटी लोकांनी एकच शब्द वापरला नाही. त्यांनी काय केले आणि त्यातून आपल्याला काय शिकायला मिळते, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही सांगणार आहोत.

शेल : साधा स्फटिक

सुरुवात अगदी साध्या शब्दापासून करू. तिबेटी भाषेत स्फटिकाला ‘शेल’ म्हणतात. आपल्याकडे शेतात, नदीकाठी गारगोटी सापडते. त्याच जातीचा पण स्वच्छ, आरपार दिसणारा दगड म्हणजे स्फटिक. काच आली तेव्हा तिलाही तिबेटी लोकांनी शेल म्हटले. ‘मिग’ म्हणजे डोळा. म्हणून चष्म्याला त्यांच्याकडे ‘मिगशेल’ म्हणतात, म्हणजे डोळ्याचा स्फटिक. सूर्यकिरण एकवटून विस्तव पाडणाऱ्या स्फटिकाला ‘मेशेल’ म्हणजे अग्नीचा स्फटिक. हाच संस्कृतातला सूर्यकांत. आणि चंद्रकांताला ‘छुशेल’ म्हणजे पाण्याचा स्फटिक.

हा शब्द गावांना आणि ग्रंथांनाही मिळाला. एव्हरेस्टकडे जाणाऱ्या वाटेवर तिबेटमध्ये शेलकार नावाचे गाव आहे. शेलकार म्हणजे पांढरा स्फटिक. थुकेन छोक्यी न्यिमा या पंडिताने १८०२ साली निरनिराळ्या दर्शनांचा आणि पंथांचा एक मोठा इतिहास लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘सिद्धांतांचा स्फटिक-आरसा’. आरसा खोटे बोलत नाही, जे आहे ते दाखवतो. इतिहासानेही तसेच असावे, हा त्या नावातला भाव.

तिबेटी आचार्य शिष्यांना शिकवताना हातात स्फटिक धरून दाखवतात. स्फटिक लाल कापडावर ठेवला तर लाल दिसतो, निळ्यावर ठेवला तर निळा. पण तो स्वतः लाल नाही की निळा नाही. कापड काढले की जसाच्या तसा स्वच्छ. चित्ताचेही असेच आहे, असे ते सांगतात. राग, लोभ, मत्सर हे बाहेरून आलेले रंग आहेत. ही काही तिबेटची नवी कल्पना नव्हे. चित्त मुळात प्रभास्वर असते आणि बाहेरून आलेल्या क्लेशांनी ते मलिन होते, हे भगवंतांचे वचन आपल्या पालि अंगुत्तरनिकायातही आहे. म्हणजे स्फटिकाचा मान त्याच्या किमतीमुळे नव्हता, तो समजावून सांगायच्या कामी येत होता म्हणून होता.

यू, चुरू आणि नोरबू : अंगावरचे धन

हिवाळ्यात आपल्या शहरात स्वेटर विकायला तिबेटी बायाबापड्या येतात. त्यांच्या गळ्यात हिरवट-निळे आणि लालभडक मणी आपण पाहिलेत. हिरवट-निळा खडा म्हणजे पिरोजा. त्याला ते ‘यू’ म्हणतात. लाल मणी पोवळ्याचे, त्याला ‘चुरू’ म्हणतात. तिबेटला समुद्र नाही, तरी तिथल्या बाईच्या गळ्यात समुद्रातले पोवळे. हे पोवळे व्यापाऱ्यांच्या तांड्यांतून दूर भूमध्य समुद्राकडून येत असे. लडाखमध्ये बायका ‘पेराक’ नावाचे शिरोभूषण घालतात. त्यावर पिरोजाच्या ओळीच्या ओळी शिवलेल्या असतात आणि ते आईकडून थोरल्या लेकीकडे जाते. बँक नसलेल्या मुलखात घरची शिल्लक ती अशी डोक्यावर.

या मौल्यवान खड्यांसाठी तिबेटी भाषेत एक सर्वसामान्य शब्द आहे, ‘नोरबू’. ‘नोर’ म्हणजे धन, संपत्ती. गुराढोरांनाही नोर म्हणतात, कारण पशुपालकाचे धन म्हणजे त्याची जनावरे. आपल्याकडेही ‘गोधन’ म्हणतातच ना! १९५३ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या तेनझिंग नोर्गे यांच्या नावात हाच ‘नोर’ आहे. आणि तो आपल्या महाराष्ट्रातही आहे बरं का. गोंदिया जिल्ह्यात (त्या वेळचा भंडारा जिल्हा) गोठणगाव येथे १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तिचे नाव ‘नोर्गेलिंग’. देश सोडून रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी विदर्भातल्या आपल्या नव्या गावाला धनवृद्धीचे नाव दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ल्हासा शहरात दलाई लामांचा उन्हाळी राजवाडा आहे. त्याचे नाव ‘नोरबुलिंगका’, म्हणजे रत्नांची बाग. सातव्या दलाई लामांच्या काळात १७५५ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. १७ मार्च १९५९ च्या रात्री चौदावे दलाई लामा याच वाड्यातून वेष बदलून बाहेर पडले आणि भारतात आले.

संस्कृतातल्या ‘चिंतामणी’ला म्हणजे मनातली इच्छा पुरवणाऱ्या मण्याला तिबेटी नाव ‘यिशिन नोरबू’. पण गंमत अशी की, तिबेटी लोक ‘यिशिन नोरबू’ हे नाव दलाई लामांना देतात. म्हणजे तिथे चिंतामणी हा पेटीतला खडा राहिला नाही, तो माणूस झाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तिबेटी माणसे खड्यांवर विश्वास ठेवत नाहीत, असे कोणी समजू नये. माणसाच्या प्राणशक्तीचे रक्षण व्हावे म्हणून गळ्यात पिरोजा बांधण्याची चाल त्यांच्यात फार जुनी आहे. बौद्ध धम्म तिथे पोहोचला तरी ती चाल सुटली नाही. आम्हाला त्यांची टिंगल करायची नाही. पण ज्या समाजात खड्याला एवढे महत्त्व होते, त्या समाजातल्या पंडितांनी त्रिरत्नाचे भाषांतर करताना काय केले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटते.

रिन्चेन आणि रिनपोछे : मोठ्या मोलाचा

‘रत्न’ या शब्दाचे नेहमीचे तिबेटी भाषांतर ‘रिन्चेन’ किंवा ‘रिनपोछे’. ‘रिन’ म्हणजे किंमत, मोल. ‘रिन्चेन’ म्हणजे मोठ्या मोलाचे. आचार्य नागार्जुनांचा ‘रत्नावली’ हा ग्रंथ परंपरेप्रमाणे एका सातवाहन राजाला उपदेश म्हणून लिहिलेला आहे. सातवाहनांची राजधानी आपले पैठण. या ग्रंथाचे संस्कृत मूळ आज तुकड्यांतच उरले आहे, संपूर्ण ग्रंथ तिबेटी भाषांतरात टिकला आहे. त्याच्या तिबेटी नावात ‘रत्न’ला ‘रिनपोछे’ हाच शब्द आहे.

पुढे हा शब्द माणसांना लागला. आपण वर्तमानपत्रात ‘अमुक रिनपोछे’ असे वाचतो आणि ते आडनाव समजतो. ते आडनाव नव्हे. ज्येष्ठ आचार्यांना आणि अवतारी मानलेल्या लामांना ‘रत्न’ या अर्थाने ते आदराने लावतात. लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे (१९१७–२००३) हे लोकसभेचे सदस्य होते आणि १९९० ते २००० या काळात मंगोलियात भारताचे राजदूत होते. त्यांच्या नावातला रिनपोछे हाच.

आणखी एक नाव सांगायलाच हवे, रिन्चेन झांगपो (९५८–१०५५). संस्कृतात त्यांना ‘रत्नभद्र’ म्हणतात. पश्चिम तिबेटच्या गुगे राज्याच्या राजाने हुशार तरुणांची एक तुकडी धम्म शिकायला काश्मीरला पाठवली. परंपरा सांगते की एकवीस जण गेले आणि दोघेच जिवंत परतले. बाकीचे उष्ण हवेने आणि तापाने दगावले. परतलेल्या दोघांपैकी एक रिन्चेन झांगपो. पुढे त्यांनी आयुष्यभर भाषांतराचे काम केले. एकोणीस आयांची लेकरे गेली आणि तेव्हा कुठे पोथ्या तिबेटात पोहोचल्या. धम्म ‘मोठ्या मोलाचा’ म्हणजे काय, हे त्या लोकांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

कोन्चोग : दुर्मीळ आणि श्रेष्ठ

आता मुख्य मुद्दा. बुद्ध, धम्म, संघ या तीन रत्नांसाठी शब्द हवा होता तेव्हा तिबेटी लोकांनी शेल घेतला नाही, नोरबू घेतला नाही, हाताशी असलेला रिनपोछेही घेतला नाही. त्यांनी शब्द घेतला ‘कोन्चोग’. ‘कोन’ म्हणजे दुर्मीळ आणि ‘चोग’ म्हणजे श्रेष्ठ, सर्वोत्तम. त्रिरत्न म्हणजे ‘कोन्चोग सुम’. सुम म्हणजे तीन. बघा, या शब्दात दगड कुठेच नाही. खडा, चमक, किंमत, काही नाही. क्वचित मिळणारे आणि ज्याच्या वर दुसरे काही नाही असे, एवढाच अर्थ.

हा शब्द किती जुना? तिबेटमध्ये त्रिसोंग देत्सेन राजाच्या काळात नालंदेचे आचार्य शांतरक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली साम्ये येथे पहिला मोठा विहार उभा राहिला. तिथे एक दगडी स्तंभ आहे. इ.स. ७७९ च्या सुमाराचा त्यावरचा राजाचा लेख त्रिरत्नांची स्थाने उभारल्याचे सांगतो आणि ती कधीही सोडणार नाही, असे वचन देतो. त्या लेखात ‘कोन्चोग सुम’ हे शब्द कोरलेले आहेत. पुढे तिबेट आणि चीन यांच्यात ८२१-२२ साली तह झाला आणि ८२३ साली ल्हासाच्या जोखांग मंदिरासमोर त्या तहाचा स्तंभ उभारला गेला. त्या तहाला साक्षीदार कोण? सूर्य, चंद्र, ग्रह, तारे यांच्यासोबत त्रिरत्नाला, म्हणजे ‘कोन्चोग सुम’ला साक्षी बोलावले आहे. दोन राज्यांच्या तहात त्रिरत्नाची साक्ष, केवढी ही श्रद्धा!

या दोन स्तंभांच्या मधल्या काळात आणखी एक मोठे काम झाले. इ.स. ८१४ च्या सुमारास राजाने आज्ञा केली की भाषांतरे एकसारखी व्हावीत, ज्याला जो वाटेल तो शब्द त्याने वापरू नये. जिनमित्र, सुरेंद्रबोधी, शीलेंद्रबोधी, दानशील अशा भारतीय आचार्यांनी येशे दे यांच्यासारख्या तिबेटी पंडितांबरोबर बसून शब्द ठरवले. त्यातून ‘महाव्युत्पत्ति’ नावाचा सुमारे ९,५०० शब्दांचा संस्कृत-तिबेटी कोश तयार झाला. शब्द कसे आणि का निवडले, याचे विवेचन करणारा ग्रंथही लिहिला गेला. जगाच्या इतिहासात सरकारी आज्ञेने इतक्या शिस्तीने चाललेले भाषांतराचे काम विरळाच. त्यामुळेच पुढे भारतात मूळ संस्कृत पोथ्या नष्ट झाल्या तरी तिबेटी कांग्युर आणि तेंग्युर या संग्रहांच्या तीनशेंवर खंडांत ते विचार सुरक्षित राहिले.

शब्दाची ही निवड मनमानी नव्हती. आपल्या पालि अट्ठकथेत ‘रतन’ शब्दाचा अर्थ सांगताना पाच कारणे दिली आहेत. ज्याचा आदर होतो ते, जे मोठ्या मोलाचे ते, ज्याची तुलना नाही ते, ज्याचे दर्शन दुर्मीळ ते, आणि जे थोरामोठ्यांच्या उपयोगाचे ते. आता जुळवून पाहा. ‘मोठ्या मोलाचे’ म्हणजेच रिन्चेन. ‘दुर्मीळ’ आणि ‘तुलना नाही’ म्हणजेच कोन्चोग. ‘रत्नगोत्रविभाग’ या महायान ग्रंथात अशीच सहा कारणे आहेत. त्रिरत्न दुर्मीळ, निर्मळ, प्रभावी, जगाचे भूषण, श्रेष्ठ आणि न बदलणारे आहे. यातले पहिले आणि पाचवे कारण जोडले की ‘कोन्चोग’ हा शब्द जसाच्या तसा उभा राहतो. म्हणजे मूळ भारतीय परंपरेतच रत्नाचा खरा अर्थ दडलेला होता. आपण वरचे टरफल पाहिले, तिबेटी पंडितांनी आतला दाणा काढून घेतला.

‘रत्नगोत्रविभाग’ची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. याचे संस्कृत मूळ भारतात हरवले होते. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटची खडतर यात्रा केली. तिथल्या मठांत त्यांना ज्या जुन्या संस्कृत पोथ्या सापडल्या, त्यांत हा ग्रंथ होता. १९५० साली तो पाटण्याहून छापून प्रसिद्ध झाला. आपलेच रत्न, दुसऱ्याच्या घरी सांभाळलेले, शेकडो वर्षांनी परत मिळाले.

एक गैरसमज

‘कोन्चोग’ शब्दाने परक्यांचा गोंधळही उडवला. इटलीचे ख्रिस्ती धर्मप्रसारक इप्पोलितो देसिदेरी १७१५ साली लेहला आले. लोकांच्या तोंडी सारखे ‘कोन्चोग’ आणि ‘कोन्चोग सुम’ ऐकून त्यांना वाटले की हे लोक देवाला मानतात, तेही आपल्यासारखेच तिघांच्या रूपात. पुढे ते ल्हासाला जाऊन १७२१ पर्यंत राहिले, तिबेटी शिकले, मठात बसून ग्रंथ वाचले. मग त्यांना कळले की हे लोक सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाहीत आणि हे तीन म्हणजे बुद्ध, धम्म, संघ. तरीसुद्धा पुढच्या मिशनऱ्यांनी तिबेटी बायबलमध्ये देवासाठी ‘कोन्चोग’ हाच शब्द घेतला. त्या भाषेत याहून उंच शब्द त्यांना मिळाला नाही, हे त्याचे कारण.

मण्याला घासावे लागते

रत्नगोत्रविभागाच्या टीकेत एका सूत्रातला सुंदर दृष्टांत आहे. एक कुशल जवाहिऱ्या खाणीतून मळकट वैडूर्य मणी आणतो. आधी तो मणी तीक्ष्ण खाऱ्या पाण्यात भिजवून केसांच्या खरखरीत कापडाने घासतो. तेवढ्यावर थांबत नाही. मग दुसऱ्या तीव्र रसात भिजवून लोकरी कापडाने घासतो. तरी थांबत नाही. शेवटी औषधी पाण्यात भिजवून तलम वस्त्राने पुसतो. तेव्हा कुठे तो मणी शुद्ध होतो. तथागतही माणसाला असेच पायरीपायरीने घडवतात. आधी अनित्य आणि दुःख दाखवून जागे करतात, मग शून्यतेची शिकवण देतात, मग मागे न फिरण्याच्या मार्गावर आणतात.

या दृष्टांतात मणी कोण? आपण. आणि महत्त्वाचे काय? घासणे. मण्याने नुसते पडून राहून भागत नाही.

तिबेटात वाटावाटांवर ‘मणी’ दगडांच्या लांबच लांब भिंती असतात. तो दगड नदीतला, डोंगरातला, कुणीही उचलावा असा. त्यावर मंत्राची अक्षरे कोरली की लोक त्यालाच ‘मणी’ म्हणतात. दगड तोच, वर कष्टाने कोरलेल्या अक्षरांनी त्याला मान आला. अक्षरांनी माणसाचे मोल कसे वाढते, हे बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळे सांगायला नको.

आपण काय घ्यावे

हे सगळे आम्ही कशासाठी लिहिले? शब्दांची हौस म्हणून नाही. आज आपल्याही वस्त्यांमधून खड्यांचे वेड शिरते आहे. पोराला नोकरी लागत नाही, पुष्कराज घाला. पोरीचे लग्न जमत नाही, पोवळे घाला. दुकानात टरफले विकली जातात आणि घरातला महिन्याचा पगार जातो. तीच रक्कम पोराच्या पुस्तकांना, क्लासला, विहारातल्या वाचनालयाला लागली असती. दीक्षा घेतलेल्या घरात असे होणे ही आम्हाला खंत वाटण्याची गोष्ट आहे. ज्या आजीने १९५६ ला उघड्या मैदानात उभे राहून त्रिरत्नाला शरण जाताना घरातले सगळे ताईत-दोरे सोडले, तिच्या नातवाच्या बोटात राशीचा खडा शोभत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थविर होते चंद्रमणी. नावातच मणी. पण त्या दिवशी त्यांच्या हातून आपल्याला मिळालेली तीन रत्ने बोटात घालायची नव्हती, आचरणात आणायची होती. तिबेटी पंडितांनी बाराशे वर्षांपूर्वी नेमके हेच ओळखले. गळ्यात पिरोजा घालणाऱ्या लोकांनीसुद्धा त्रिरत्नाचे भाषांतर करताना दगडाचा शब्द बाजूला ठेवला आणि ‘दुर्मीळ, श्रेष्ठ’ म्हटले.

म्हणून यापुढे वंदनेत त्रिरत्न शब्द आला की ‘कोन्चोग’ आठवावा. दुर्मीळ, कारण तो आपल्यापर्यंत पोहोचायला अनेकांनी जीव वेचला. श्रेष्ठ, कारण तो विकत मिळत नाही, गहाण पडत नाही, चोराला नेता येत नाही आणि वाटला तरी कमी होत नाही. घरातल्या मुलांना हा शब्द सांगा, त्याचा अर्थ सांगा. आणि हिवाळ्यात दारावर तिबेटी स्वेटरवाली आली तर तिला ‘कोन्चोग सुम’ म्हणून पाहा. भाषा वेगळी, देश वेगळा, पण शरण एकच, हे तिच्या चेहऱ्यावरच कळेल.

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त सर्व उपासक-उपासिकांना आमच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!